घाटाच्या उतारावर ऑटोमॅटिक गाडी: आधी गिअर, मग ब्रेक

परतूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सची छोटी पेट्रोल गाडी घेतली. चाळीसगावच्या लग्नासाठी पाच माणसे आणि आहेराचे सामान घेऊन ते कन्नडचा घाट उतरले, तेव्हा गिअरची दांडी पूर्णवेळ ‘डी’वर (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच निवडते) होती आणि त्यांचा पाय पूर्णवेळ ब्रेकवर होता. अर्ध्या घाटात जळकट वास येऊ लागला आणि पायथा जवळ आल्यावर ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा बरेच खोल जाऊ लागले. सुदैवाने गाडी थांबली. आता घरात तीन मते आहेत. जावई म्हणतात की उतारावर न्यूट्रल करावे, पेट्रोल वाचते. शेजारी म्हणतात की ‘एम’ला (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण निवडायचा) हात लावला की गिअरबॉक्स जातो. गाडी विकणाऱ्याने तर ‘डी’त टाका आणि विसरून जा, असेच सांगितले होते. कोणाचे ऐकावे, चढावर रांगेत गाडी कशी धरावी आणि वर गेल्यावर ती उभी कशी करावी, असे सरांनी विचारले आहे.

सर, तिघांपैकी कोणाचेही ऐकू नका. मी कन्नडमध्ये सत्तावीस वर्षे गॅरेज चालवतो आणि चौदा वर्षे गाडी शिकवतो. घाट उतरून जळालेले ब्रेक घेऊन येणाऱ्या गाड्या पूर्वी बहुतेक मालवाहू असत. आता त्यांत तुमच्यासारख्या घरगुती ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत. त्यांत चालवणाऱ्याचा दोष थोडा आणि त्याला कोणी न सांगितलेल्या गोष्टींचा दोष जास्त असतो.

तुमच्या ब्रेकचे काय झाले ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे आपोआप पटेल. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो. सपाट रस्त्यावर ही उष्णता क्षणभर तयार होते आणि वाऱ्यावर निघून जाते. उतारावर मात्र प्रत्येक मीटरला नवी उष्णता तयार होत राहते, कारण गाडी जितकी खाली येते तितके तिचे वजन तिला पुढे ढकलते. माणसे आणि सामान धरून तुमची गाडी १,३०० किलो होती असे समजू, आणि ती २०० मीटर उंची उतरली असे समजू. एवढ्या उतरण्यातून सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. माठातले सात-आठ लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही आहे. यातला काही वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेली उष्णता कोणी घ्यायची एवढाच प्रश्न असतो, आणि उत्तरे दोनच आहेत: इंजिनाने, नाहीतर ताटलीएवढ्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमांनी. तुम्ही ती सगळी ब्रेकवर घातली.

ब्रेक तापल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि त्यांची लक्षणेही वेगळी असतात. पहिली पॅडची, म्हणजे डिस्कला आवळून धरणाऱ्या तुकड्यांची. पॅडमधला बांधणारा पदार्थ जळू लागतो, त्याचाच तो वास. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. अशा वेळी पॅडल घट्ट लागते, पण गाडी हवी तशी थांबत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तिची सुरुवात झाली होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पॅडल स्पंजासारखे खोल जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही. घट्ट पॅडल आणि मऊ पॅडल यांतले मऊ पॅडल अधिक घातक, कारण ते पूर्वसूचना फार कमी देते.

आता विक्रेत्याच्या ‘डीत टाका आणि विसरा’कडे येऊ. हा सल्ला शहरात चालतो. तुमच्या एएमटी गाडीच्या आत खरे तर साधाच हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि एकच कोरडी क्लच प्लेट आहे. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. आपल्याकडे २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओपासून हा प्रकार सर्वसामान्यांच्या गाडीत रुळला. या संगणकाला मुख्यतः तीन गोष्टी कळतात: तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती आहे, गाडीचा वेग किती आहे आणि इंजिन किती फिरते आहे. उतारावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढता आणि वेग तर वाढत असतो. संगणक त्याचा अर्थ असा लावतो की मालक निवांत आहेत, जोर नको आहे, तर वरचा गिअर टाकावा आणि पेट्रोल वाचवावे. म्हणून तो तिसरा, चौथा, कधी पाचवाही टाकतो. गिअर जितका वरचा तितकी इंजिनाची गाडीवरची पकड ढिली. तुम्ही ब्रेक दाबत होता आणि त्याच वेळी गिअरबॉक्स तुमच्या मदतनिसाला सुट्टी देत होता. काही नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात, पण आपल्या गाडीत ही सोय आहे की नाही हे माहितीपुस्तिकेत वाचल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा. नियम चांगला आहे, पण ऑटोमॅटिक गाडीत त्याच्या दोन अडचणी आहेत. एक तर घाट कोणत्या गिअरने चढलो हे चालवणाऱ्याला ठाऊकच नसते. ते मीटरवरच्या छोट्या आकड्यात पाहावे लागते आणि चढताना तो आकडा कोणी पाहत नाही. दुसरी अडचण नव्या टर्बो इंजिनांची आहे. एक लिटरचे इंजिन टर्बोच्या जोरावर मोठ्या इंजिनासारखे चढते, पण उतारावर गाडी धरताना टर्बो कामाला येत नाही, तिथे ते एक लिटरचेच राहते. अशी गाडी तिसऱ्यात सहज चढली तरी उतरताना तिला दुसरा गिअर लागतो. म्हणून छोट्या इंजिनाच्या गाडीसाठी मी नियम एका पायरीने खाली आणतो.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. उतार सुरू होण्याआधी, घाटाची पहिली पाटी दिसताच, ब्रेकने वेग ३० ते ३५ वर आणावा आणि दांडी ‘डी’वरून ‘एम’कडे सरकवावी. यासाठी थांबावे लागत नाही. चालत्या गाडीत ‘डी’तून ‘एम’मध्ये जाण्यासाठीच ती रचना केलेली आहे, त्यामुळे शेजाऱ्यांची भीती निराधार आहे. मीटरवर जो आकडा दिसेल तिथून दांडी उणे चिन्हाकडे एकेकदा ढकलत २ वर यावे. गाडी किंचित आखडल्यासारखी वाटेल आणि इंजिनाचा आवाज चढेल. माझ्याकडे शिकणारे बहुतेक जण इथेच घाबरतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका ताईंनी तर आवाज ऐकताच न विचारता दांडी पुन्हा ‘डी’वर ओढली होती. छोट्या पेट्रोल गाडीत दुसऱ्या गिअरवर ४० च्या वेगाला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा साधारण तीन हजारांच्या आसपास असतो, आणि त्या इंजिनाची मर्यादा सहा हजारांच्या घरात असते. हा आवाज इंजिन बिघडल्याचा नव्हे, ते तुमच्यासाठी गाडी धरून ठेवत असल्याचा आहे. तो घाट संपेपर्यंत ऐकत राहावा.

गिअर बरोबर आहे की नाही हे तुमच्या उजव्या पायावरून ओळखता येते. वेग आटोक्यात ठेवण्यासाठी दर काही सेकंदांनी ब्रेक लावावा लागत असेल, तर गिअर वरचा आहे. आणखी एक खाली घ्या. उतारावर गाडी पुढे न्यायला अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर गिअर नको इतका खालचा आहे. एक वर घ्या. फक्त वळणाआधी ब्रेकला हात लावल्यासारखा पाय लावावा लागत असेल, तर गिअर नेमका आहे. खालचा गिअर मागताना वेग फार असेल तर संगणक नकार देतो, बहुधा बीप वाजवतो आणि आकडा तसाच ठेवतो. अशा वेळी दांडी पुन्हापुन्हा ढकलू नये. आधी ब्रेकने वेग उतरवावा आणि मग पुन्हा मागावा. उलट बाजूने, काही गाड्या ‘एम’मध्येही इंजिन मर्यादेला टेकले की स्वतःहून वरचा गिअर टाकतात. म्हणून ‘एम’मध्ये आहोत एवढ्यावर न थांबता आकड्याकडे अधूनमधून पाहावे.

ब्रेक लावायचाच नाही असे मी म्हणत नाही. तो कसा लावायचा हा मुद्दा आहे. उतारभर पाय हलकेच टेकवून ठेवणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण त्यात पॅड डिस्कला सतत घासतात आणि मधल्या वेळात हवा मिळत नाही. वेग ४० च्या वर जाऊ लागला की ठाम दाबून तो ३० पर्यंत आणावा, आणि मग पाय पूर्ण उचलावा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तेच. या उचललेल्या सेकंदांत डिस्कला वारा लागतो. वळणाचा ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर लावून संपवावा आणि वळणात गाडी गिअरवर सोडावी. कन्नडच्या घाटात आखूड वळणे आहेत, आणि पावसाळ्यात तिथे रस्त्यावर माती आणि दगड येतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तर दरडी कोसळून घाट बंदच झाला होता. अशा रस्त्यावर वळणाच्या पोटात जोरात ब्रेक लावणे म्हणजे टायरला एकाच वेळी दोन कामे सांगणे आहे.

वेगाबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. घाट सावकाश उतरला काय किंवा भरधाव उतरला काय, एकूण उष्णता जवळपास तेवढीच. पण ती किती वेळात तयार होते याला महत्त्व आहे. शंभर मीटरला सात मीटर उतार असलेल्या रस्त्यावर हीच १,३०० किलोची गाडी ६० च्या वेगाने एकसारखी उतरवली तर सुमारे १५ किलोवॅट उष्णता विझवावी लागते, ४० ने उतरवली तर १० आणि २० ने तर अवघी ५. घरातला पाणी तापवायचा गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो, यावरून अंदाज यावा. शिवाय एखादे जनावर आडवे आले आणि एकदम थांबावे लागले, तर ६० च्या वेगातून थांबायला ३० च्या वेगाच्या चौपट ऊर्जा आधीच तापलेल्या ब्रेकला झेलावी लागते.

जावईबापूंच्या न्यूट्रलबद्दल जरा कडक शब्दांत लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. विशीत असताना मी एका काळीपिवळी जीपमध्ये अजिंठ्याचा घाट फर्दापूरकडे उतरत होतो. डिझेल वाचवायचे म्हणून न्यूट्रल केले आणि वर शहाणपणा म्हणून इंजिनही बंद केले. ब्रेक पहिल्यांदा दाबला तेव्हा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट लागला आणि तिसऱ्यांदा पॅडल दगडासारखे झाले. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन चालू असेपर्यंतच पोकळी भरून घेतो. इंजिन बंद केल्यावर साठवलेली पोकळी दोनतीन दाबांत संपते, आणि मग उरतो तो फक्त आपल्या पायाचा जोर. जीप डोंगराच्या बाजूला घासत थांबवली, म्हणून आज हे लिहितो आहे. नव्या गाड्यांत इंजिन बंद केले की पॉवर स्टेअरिंगही जड होते, आणि जुन्या पद्धतीची किल्ली पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टेअरिंग कुलूपबंद होते. उतारावर इंजिन बंद करणे याला चालवणे म्हणता येत नाही.

आणि बचत? तीही होत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावे लागते, म्हणजे पेट्रोल पुन्हा सुरू होते. छोटे इंजिन उभ्या जागी तासाला साधारण पाऊण लिटर जाळते. जावईबापूंचा हिशोब कार्बोरेटरच्या काळातला आहे आणि तो काळ आता गेला. त्यांना हे प्रेमाने सांगावे.

तुमची एएमटी आहे, पण लग्नाच्या वऱ्हाडात इतर प्रकारही असतील, म्हणून थोडक्यात. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणाऱ्या जुन्या गाड्यांत दांडीवर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करण्याचे बटण आणि ‘२’, ‘एल’ अशा खुणा असतात. उतारावर आधी ते बटण, मग ‘२’, आणि अगदी तीव्र उताराला ‘एल’. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्या नसतात, त्यामुळे आकडा शोधू नये. ‘एस’ किंवा ‘एल’ वापरावे. ‘एल’ची पकड जबर असते, ते वेगात टाकू नये. स्टेअरिंगमागे पॅडल असलेल्या गाडीत दांडी ‘डी’वर ठेवून फक्त पॅडल ओढले, तर बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने आपणहून ‘डी’वर परत जातात; लांब घाटात दांडीच ‘एम’वर घ्यावी. हायब्रीड गाडीतला ‘बी’ हा उतारासाठीच असतो. विजेच्या गाडीत मोटारच गाडी धरते आणि बॅटरी भरते, पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ही पकड कमी होते; म्हैसमाळला मुक्काम असेल तर सकाळी उतरण्याआधी शंभर टक्के चार्ज करण्याचा आग्रह धरू नये. काही मोठ्या गाड्यांत उतार नियंत्रणाचे बटण असते. ते कच्च्या, तीव्र उतारावर गोगलगायीच्या गतीने उतरण्यासाठी आहे आणि ते आतून ब्रेकच वापरते, म्हणून लांब डांबरी घाटात त्याच्यावर विसंबू नये. ठरवलेला वेग आपोआप धरणारा क्रूझ कंट्रोल घाटाच्या आधीच बंद करावा.

चढाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे धोका ब्रेकला कमी आणि क्लचला जास्त. दौलताबादच्या घाटात जुन्या दरवाजापाशी श्रावणात जी रांग लागते, तिथे मी दरवर्षी एक दृश्य पाहतो: गाडी चढावर उभी आहे, चालकाचा पाय ब्रेकवर नसून अ‍ॅक्सिलरेटरवर आहे आणि तो पेट्रोलच्या जोरावर गाडी जागेवर तोलून धरतो आहे. एएमटीमध्ये आणि कोरड्या दुहेरी क्लचच्या गाडीत अशा वेळी क्लच प्लेट अर्धवट चिकटून घासत राहते, काही मिनिटांत तापते आणि मीटरवर इशारा येतो. त्यानंतर गाडी थांबवून क्लच थंड होऊ देण्याशिवाय इलाज उरत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लच जळत नाही, पण गिअरबॉक्सचे तेल तापते. रांगेत पुढच्या गाडीमागे हातहात सरकू नये. ब्रेकवर उभे राहावे, पुढे दोनतीन गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी आणि मग एकदम निघावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

निघताना गाडी मागे घरंगळते, ही तुमची भीती रास्त आहे. सपाटीवर ब्रेक सोडताच आपणहून सरकणारी गाडी तीव्र चढावर तेवढ्या जोराची नसते. तुमच्या गाडीत हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय उचलल्यावर ती सुमारे दोन सेकंद ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर यायला हवा. ती सोय नसेल तर जुना उपाय चालतो: हँडब्रेक ओढलेला ठेवावा, अ‍ॅक्सिलरेटर हलकेच द्यावा, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की हँडब्रेक सोडावा. हा सराव पाच माणसे घेऊन घाटात करायचा नसतो, रविवारी सकाळी गावाजवळच्या एखाद्या चढावर एकट्याने करायचा असतो. चढतानाही ‘एम’मध्ये दुसरा गिअर धरून ठेवला तर बरे, कारण ‘डी’मध्ये एएमटी दुसऱ्या-तिसऱ्यात उलटसुलट करत राहते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी जोर क्षणभर तुटतो. ऊसतोडीच्या हंगामात मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडताना नेमका तो क्षण आला तर काय होते, हे ज्याने अनुभवले आहे तो पुन्हा ‘डी’त ओलांडायला जात नाही. अरुंद जागी समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. तो नियमच आहे.

वर पोहोचल्यावर गाडी उभी करण्याबद्दल. तुमच्या गाडीत ‘पी’ (पार्किंग) नसेल, कारण बहुतेक एएमटी गाड्यांत तो नसतो. तिथे पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा, दांडी गिअरमध्ये ठेवून मगच इंजिन बंद करावे, म्हणजे इंजिनही गाडीला अडवते. गाडी ‘एन’मध्ये (न्यूट्रल) सोडून फक्त हँडब्रेकवर उतारावर ठेवू नये. ज्यांच्याकडे ‘पी’ आहे त्यांनी क्रम उलटा करू नये. पाय ब्रेकवर, दांडी ‘एन’वर, हँडब्रेक, मग पाय हळूच उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्यावा आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. थेट ‘पी’ टाकले तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्सच्या आतल्या बोटाएवढ्या खुंटीवर बसतो. निघताना जो ठक्क आवाज येतो तो त्या खुंटीचा. माहूर गडावर किंवा म्हैसमाळला उतारावर गाडी लावताना पुढची चाके डोंगराकडे किंवा कठड्याकडे वळवून ठेवावीत.

वास आला किंवा पॅडल मऊ लागले तर काय करावे, हे आता नीट वाचा. पॅडल झपाट्याने दोनतीनदा दाबा, थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी ‘एम’मध्ये एकेक गिअर खाली घ्या. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा, बटण दाबून ठेवलेले असू द्या, म्हणजे मागची चाके जखडल्यास लगेच सोडता येईल. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर ते सतत ओढून धरा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. काहीच जमले नाही तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला गाडी घासवा. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास थांबा. दांडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका. घाटात रात्री दुचाकीस्वार पडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते सर्वस्वी आपल्याच हातचे आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. गिअरवर गाडी हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे गाडी चिकटलेली असेल तर अधूनमधून ब्रेकला नुसता स्पर्श करून तिला कळवावे.

तुमची गाडी मात्र पुढच्या प्रवासाआधी दाखवून घ्या. चारही चाके उतरवून पुढचे पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर पाहायला सांगा. पॅड आरशासारखा चकाकत असेल किंवा कडांना भेगा असतील, तर घासून चालवू नका, जोडी बदला. डिस्कवर निळसर डाग असतील तर ती फार तापली होती. डबीतले ब्रेक ऑइल फिकट पिवळे असायला हवे; चहासारखे झाले असेल तर बदला. वाफ झालेली असल्यामुळे मी तर ते रंग न पाहताच बदलेन आणि नळ्यांतली हवा काढून घेईन. एरवीही दर दोन वर्षांनी ते बदलावे. टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच भरावे. काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच इंजिन चालू करून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते जिथे थांबले तिथेच राहिले पाहिजे. हळूहळू खाली सरकत गेले तर गाडी तिथेच ठेवा आणि चाळीसगावला बसने जा.